ललिताकाकूंचा काष्टा

टिण् करून स्टीलच्या वाटीत सेफ्टी पिन पडली आणि दुपारच्या सुन्न खोलीत ओवीने टाळी वाजवली.

आईंनी मान वर केली नाही. पलंगावर पसरलेल्या पिनांमधली पुढची पिन त्या उजव्या हाताने उचलू बघत होत्या. अंगठा पोचत होता, तर्जनी पोचत होती, पण दोघांची भेट होत नव्हती. डावा हात मदतीला निघाला की माझी लेक ओवी तो दोन्ही हातांनी धरून ठेवायची. डाव्या हाताला सुट्टी, असं तिला प्रितीने सांगून ठेवलं होतं, आणि पाच वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसावर पहारा करायला मिळाला की ती दया दाखवत नाही.

प्रिती फिजिओथेरपिस्ट. पहिल्यांदा आली तेव्हा तिने आईंना राजम्याचे दाणे दिले होते, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायला. आई ते निवडत बसल्या. बराच वेळ खडा सापडेना, तेव्हा वाण्याला चांगलं म्हणाल्या आणि डबा बाजूला सरकवला. मग मी कपाटातून त्यांची पिनांची डबी काढली. ती बघून आईंचा हात आपण होऊन पुढे आला. उजवा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या चाळीत आणि पुढे ठाकुरद्वारपर्यंत त्या ललिताकाकू. नऊवारी नेसवावी तर त्यांनीच. गुढीपाडव्याच्या दिवशी पहाटेपासून आमच्या जिन्यावर बायका साड्या घेऊन उभ्या असायच्या. एकेक आत यायची, आई तोंडात पिना धरून तिच्याभोवती फिरायच्या. कमरेला वेढा, गाठ, पदर, निऱ्या, ओचा आणि शेवटी काष्टा. ढोल वाजवणारी असो, बुलेट चालवणारी असो, संध्याकाळी घरी येईपर्यंत काष्टा सुटला अशी तक्रार नाही. पिना तोंडात असल्यामुळे त्या दातांतल्या दातांत बोलायच्या, "पाय फाकव गं. मिरवणुकीत चालायचंय ना? की इथेच बसणारेस माझ्या उरावर?" शिवलेली, आयती नऊवारी घालून कुणी दिसली, की पायजमा छान आहे म्हणायच्या, अगदी तोंडावर. पैसे कधी घेतले नाहीत. गजरा घ्यायच्या.

गेल्या वर्षी गणपती गेले त्या आठवड्यात, सकाळी चहा गाळताना त्यांच्या हातातला कप सुटला. मी वळून बघितलं तर त्या कपाकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि माझा नवरा हितेंद्र, दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं.

जीव वाचला. पाय हळूहळू टेकायला लागला, हात खांद्यापर्यंत जायला लागला, बोलणंही बरंचसं परत आलं. गेला तो क्रम. चहाची पूड आधी की पाणी आधी, ते कळेना. एक दिवस साडीवरून ब्लाउज चढवला आणि माझ्याकडे बघून हसल्या, पण ते हसू चूक कळल्याचं नव्हतं, मी बघतेय म्हणून आलेलं होतं. नावंही गेली. मी "अगं" झाले, ओवी "ही छोटी" झाली. हितेंद्रला त्या बरेच दिवस "अहो" म्हणत होत्या आणि तो बिचारा प्रत्येक वेळी लाजायचा. एकच नाव मात्र जिभेवर तसंच राहिलं होतं.

"नमू आली नाही का गं?"

नमू म्हणजे नम्रता. हितेंद्रची धाकटी बहीण. गेल्या वैशाखात ती गेली. कावीळ झाली, ती लिव्हरवर उतरली आणि हॉस्पिटलात नेल्यावर चौथ्या दिवशी सगळं संपलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिच्या सासरच्यांनी तिला डोंबिवलीच्या घरी आणलं तेव्हा शेवटची साडी नेण्याचं काम माहेरचं होतं. रीतच आहे तशी. आई स्वतः जाऊन हिरवी नऊवारी घेऊन आल्या. दुकानदाराने लग्न आहे का विचारलं तर हो म्हणाल्या.

चाळीत कुणी सवाष्ण गेली, की तिला नेसवायलाही आईंनाच बोलावणं यायचं. नमूच्या वेळी बायका म्हणाल्या, काकू, तुम्ही बाजूला बसा, आम्ही करतो. त्यांनी ऐकलं नाही. दार लावून घेतलं. आत मी होते, कारण अंग उचलून धरायला कुणीतरी हवं होतं. वेढा, गाठ, पदर, निऱ्या. निऱ्या त्यांनी पावलांपर्यंत सरळ सोडल्या आणि तळहाताने दाबून बसवल्या. मी काष्ट्यासाठी नमूला कुशीवर वळवायला गेले, तर मानेने नको म्हणाल्या.

"हिला आता कुठे चालायचंय."

त्या दिवसात तेवढं एकच वाक्य त्या बोलल्या. आणि मग चार महिन्यांनी तो कप सुटला.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा नमूला विचारलं तेव्हा उत्तर बाबांनी दिलं. गावाला गेली आहे देवरुखला, सासूचं दुखतंय, पाडव्याला येईल. बाबा प्रेसमध्ये कंपोझिटर होते, जन्मात खोटं बोलले नसतील, त्यामुळे ते वाक्य त्यांना इतकं नीट सुचलं याचंच मला नवल वाटलं. मग तेच घरात रुजू झालं. हितेंद्रने भिंतीवरचा नमूचा फोटो काढून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. खिळा मोकळा दिसायला लागला म्हणून तिथे बँकेचं कॅलेंडर टांगलं. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आमचं नेहमीचं कॅलेंडर होतंच. आई जरा बोलायला लागल्यावर एकदा म्हणाल्या, एवढ्याशा घरात दोन दोन कॅलेंडरं कशाला, तारीख काय वेगवेगळी आहे का? आम्ही तिघंही हसलो, जरा जास्तच.

ओवीला आधी सांगितलं होतं की आत्या देवबाप्पाकडे गेली. मग सांगितलं की आजीला असं सांगायचं नाही. तिने थोडा विचार करून विचारलं होतं की देवरुख देवबाप्पाच्या घराजवळ आहे का. हितेंद्र म्हणाला, हो, जवळच. तेव्हापासून तिचा तो प्रश्न मिटला होता.

प्रितीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने चालायला लावलं. नुसतं फरपटत नव्हे, दम लागेल असं. मला म्हणाली की चालण्याने फक्त पाय सुधारतो असं लोकांना वाटतं, पण रक्त धावतं ते डोक्यातही धावतं, क्रम, आठवण, लक्ष, सगळ्याला त्याचा उपयोग होतो. खुर्चीतून उठायचं, बसायचं, परत उठायचं. जमिनीवर बसून उठणं हे तिच्या मते मोठं शिखर होतं आणि ते आईंना काही केल्या जमत नव्हतं, गुडघा अर्ध्यावर अडायचा.

गॅलरीत आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. कठड्याला त्यांचा डावा हात, उजवीकडे मी, पुढे ओवी उलटं चालत. समोरच्या लतिकावहिनी दारात तांदूळ पाखडत बसलेल्या असायच्या. त्या पाय आवरून घ्यायच्या नाहीत, मुद्दाम. म्हणायच्या, "काय ललिताताई, पाडव्याला बुलेट काढायची ना यंदा? मी मागे बसते." आई थांबायच्या, शब्द शोधायच्या. एकदा बराच वेळ शोधून म्हणाल्या, "टायर बसेल." लतिकावहिनी सूप बाजूला ठेवून हसल्या. खोलीत आल्यावर मी आईंच्या पाठीवर थाप मारली. सासूच्या पाठीवर थाप मारायची आमच्याकडे पद्धत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. चेष्टा परत आली होती. चेष्टेला केवढा क्रम लागतो.

मग प्रितीने विचारलं की काकूंचे हात आयुष्यभर काय करत आले, तेच त्यांना करायला देऊ. मी नऊवारीचं सांगितलं. ती खूश झाली. त्यात सगळंच आहे म्हणाली, फिरणं, वाकणं, दोन्ही हात, आणि एकापाठोपाठ एक लक्षात ठेवणं. रोज एकदा.

तेव्हापासून रोज दुपारी मी परकरावर उभी राहायला लागले. आईंची घरात नेसायची एक जुनी तपकिरी नऊवारी होती, धुवून धुवून मऊ झालेली. सुरुवातीला त्या ती माझ्या गळ्यात घालायच्या. मग कमर सापडली. मग गाठ. गाठ पहिल्यांदा बसली त्या दिवशी ती इतकी घट्ट होती की मला श्वास घेता येईना, पण मी सोडली नाही, तशीच रात्रीच्या भाजीपर्यंत वावरले. पदरही आला. निऱ्यांपाशी मात्र त्या रोज थांबायच्या. कापड हातात घ्यायच्या, एक चुणी पाडायच्या, दुसरी पाडायच्या, आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या. पुढे काय आहे ते दारापर्यंत येतंय आणि आत येत नाही, असं काहीतरी चेहऱ्यावर दिसायचं. मी हळूच म्हणायची, आई, उद्या.

मला त्यांचं डोकं परत हवं होतं. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासाठीसुद्धा. ऑफिसने मला आणखी रजा देणार नाही असं कळवलं होतं आणि शाळेतून आल्यावर ओवीला आजीपाशी ठेवून मला कामावर जायचं होतं. पण निऱ्यांपाशी त्या थांबल्या की मला जे वाटायचं, ते नुसतं वाईट वाटणं नव्हतं. थोडी सुटकाही होती. एकदा प्रिती बूट घालत असताना मी तिला विचारलं, जुनं परत येतं तेव्हा सगळंच येतं का? एखादी गोष्ट मागे राहू शकते? तिने माझ्याकडे नीट बघितलं. कुठली गोष्ट, हे विचारलं नाही. म्हणाली, "ते आपल्या हातात नसतं, ताई. आपण चालवायचं काम करायचं."

बाबांशी बोलायचा प्रयत्न केला. सांगून टाकू या का म्हटलं, पाडवा जवळ आलाय, येईल येईल म्हणून बसलोय. बाबा पेपर वाचत होते. पान उलटत म्हणाले, तिला एकदा कळलंय. पुन्हा एकदा कळावं असं तुला वाटत असेल तर सांग. त्यानंतर मी विषय काढला नाही.

पाडव्याला चार-पाच दिवस राहिले होते. खाली नाक्यावर मंडप बांधायचे बांबू पडले होते आणि ढोलांचा सराव चालला होता, त्याचा ठोका आमच्या भांड्यांत उतरायचा. सकाळी तपकिरी नऊवारीवर ओवीने दुधाचा पेला उपडा केला होता. मी ती धुवून गॅलरीत टाकली. दुपारी आई खुर्चीत सरसावून बसल्या, पिनांची वाटी मांडीवर घेतली आणि "हं" म्हणाल्या. त्या स्वतःहून "हं" म्हणाल्या म्हणून मला उद्यावर ढकलवेना. कपाट उघडलं, हाताला आली ती नऊवारी ओढली. माझ्या डोहाळजेवणाची होती. वेढा कमरेला बसेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की ती हिरवी आहे.

आईंच्या लक्षात आलं असावं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. मग गाठ मारली, घट्ट नाही, बेताची. पदर मागून आणून खांद्यावर टाकला. नेहमीसारख्या त्या माझ्याभोवती फिरत होत्या, उजवा पाय जरासा ओढत, पण तोंडात दोन पिना धरल्या होत्या. आजारपणानंतर त्यांनी पिना तोंडात धरल्या नव्हत्या. ओवी पलंगावर पाय हलवत बघत होती.

निऱ्या आल्या. एक चुणी, दुसरी. मी भिंतीकडे बघायला लागले, कारण आता त्याही तिकडेच बघणार होत्या. पण त्यांनी मान वर केली नाही. तिसरी पडली, चौथी पडली, डाव्या हाताने धरलेल्या निऱ्यांवर उजवा हात चालत राहिला. तोच हात, ज्याला एक पिन उचलायला इतका वेळ लागायचा. निऱ्या खोचून झाल्या. मी न सांगता पाय फाकवले, काष्ट्यासाठी.

त्यांनी वाकून माझी पावलं जवळ आणली. आधी टाचा, मग अंगठे. दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवले आणि त्यांवर क्षणभर हात ठेवला, बांधल्यासारखा. निऱ्या पावलांपर्यंत सरळ सोडल्या. तळहाताने दाबून बसवल्या.

मला हलता येत नव्हतं असं नाही. आपण हलायचं नाही, एवढंच कळलं.

त्यांनी पदर माझ्या डोक्यावरून घेतला. तोंडातल्या पिना काढून वाटीत टाकल्या, त्या लागणार नव्हत्या. ओवीला म्हणाल्या, "कुंकवाचा करंडा आण गं ओवी." आजीने नाव घेतलं म्हणून ओवी उडी मारून पळाली आणि करंडा घेऊन आली. आईंनी उजव्या हाताच्या बोटाने माझ्या कपाळावर कुंकू लावलं, टिकलीएवढं नाही, मळवट भरतात तसं रुंद. थोडं नाकावर सांडलं, ते पुसलं नाही. मग माझ्या खांद्याला धरून त्या खाली जायला लागल्या. गुडघा अर्ध्यावर अडला. मी पदराआडून हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. एक हात जमिनीला लावून, कण्हत, त्या पूर्ण खाली गेल्या आणि माझ्या पावलांवर डोकं टेकवलं.

"जा बाळा," म्हणाल्या. "नीट जा."

बाहेर ढोल वाजत होते. त्यांचं कपाळ गरम होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी डोकं उचललं. जमिनीवर बसल्या बसल्या वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे, कुंकवाकडे, आणि तिथेच थोडा वेळ राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या नव्हतं.

"हात दे, अनुजा."

मी हात दिला. त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. पाणी दिलं, ते त्या स्वतःच्या हाताने प्यायल्या. हिरव्या साडीत, पदर डोक्यावर, मी त्यांच्यासमोर तशीच उभी होते. काष्टा नसलेली नऊवारी पायांत येते, एक पाऊल टाकायचं म्हटलं तरी हाताने उचलावी लागते.

त्यांनी पेला माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे मान केली.

"ते कॅलेंडर काढ तिथलं."

मी निऱ्या मुठीत धरून भिंतीपाशी गेले. कॅलेंडर काढलं. खिळा थोडा वाकला होता. कपाटातून, साड्यांच्या खालून, फोटो काढताना काचेवर माझ्या कपाळाचं कुंकू लागलं. ते पदराने पुसून फोटो टांगला आणि सरळ केला. आईंनी बघितलं. जरा डावीकडे, अशी हाताने खूण केली, उजव्या हाताने. मी डावीकडे केला.

मग त्यांनी वाटी मांडीवर ओढून घेतली आणि एकेक पिन बंद करायला लागल्या.

ओवी करंडा हातात घेऊन अजून तिथेच उभी होती. तिने फोटोकडे बघितलं, आजीकडे बघितलं. मग माझ्या जवळ आली आणि पदर ओढून, आजीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"आई, आजी तुझ्या पाया का पडली?"